मोह येण्याआधी

मोह म्हटला की रविवारच्या प्रवचनात ठरलेल्या तीन गोष्टी येतात : दारू, परस्त्री आणि पैसा. त्यांचे गांभीर्य मला कमी करायचे नाही. या तिघांनी धुळीला मिळवलेली घरे प्रत्येक गावात आहेत. पण बाकांवर बसून ते प्रवचन ऐकणाऱ्या बहुतेकांच्या वाट्याला गेल्या आठवड्यात या तिन्हींपैकी काहीच आलेले नसते. आलेले असते ते निराळेच. कंपनीच्या खर्चाच्या बिलात रिक्षाचे दोनशे रुपये वाढवून लिहायचे का? जावेबद्दल कानावर आलेली गोष्ट बहिणीला फोनवर सांगायची, की पोटात ठेवायची? मुले झोपल्यावर हातात घेतलेला मोबाइल दीड वाजला तरी खाली ठेवला जात नाही. म्हाताऱ्या वडिलांचा फोन वाजतोय हे दिसत असते, आणि ‘मीटिंगमध्ये होतो’ असे नंतर सांगता येईल हेही त्याच क्षणी सुचलेले असते. हे सगळे इतके किरकोळ, की त्याला मोह म्हणायलाही संकोच वाटावा. त्यामुळे त्याची झडती कुणी घेत नाही.

हे पुस्तक ती झडती घेते. हस्तलिखित हाती आले तेव्हा मला थोडी धास्ती होती. ‘मन घट्ट करा, गुडघे टेका, सैतान पळून जाईल’ या थाटाची पुस्तके आपल्याकडे पुष्कळ आहेत, आणि ती वाचून घट्ट झालेले मन मी तरी पाहिलेले नाही. इथला सूर तसा नाही. ख्रिस्ती परंपरेने माणसाच्या इच्छाशक्तीवर कधीच फारसा भरवसा ठेवला नाही, हे लेखकाने ओळखले आहे. मोहाशी गाठ पडते तेव्हा माणूस दुबळाच असतो. म्हणून जी काही तयारी करायची ती आधी करायची, दुसऱ्या कुणाच्या साक्षीने करायची आणि देवाच्या आधाराने करायची, असे या परंपरेतले जुने लोक सांगत आले. त्यांनी त्यासाठी बारीकसारीक युक्त्या शोधल्या, वह्या ठेवल्या, चुका नोंदवल्या. त्या युक्त्यांची वाचकाला आधी ओळख करून द्यावी, एवढाच या प्रस्तावनेचा हेतू आहे.

सुरुवात अर्थातच यहूदियाच्या रानातून करायला हवी. चाळीस दिवसांच्या उपवासानंतर भुकेल्या येशूपुढे सैतान तीन गोष्टी ठेवतो : धोंड्यांच्या भाकरी कर, मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, देवदूत झेलतील, आणि मला नमन कर म्हणजे जगातली सगळी राज्ये तुझी. मत्तय आणि लूक दोघेही हे सांगतात, मात्र शेवटच्या दोन मोहांचा क्रम दोघांत उलटसुलट आहे. मार्क दोन वाक्यांत आटोपतो. (परंपरेने ज्याला मोहाचा डोंगर मानले तो यरीहोजवळ आहे. तिथे कड्याला बिलगून एक ग्रीक मठ आहे आणि आता डोंगरावर जायला रोप-वेसुद्धा आहे. सगळे काही विनाश्रम मिळावे हाच जिथला मोह होता, तिथे पाळण्यात बसून चढायची सोय व्हावी, याची मला गंमत वाटते.)

या प्रसंगाकडे नीट पाहिले की एक गोष्ट खटकते. भुकेल्या माणसाने भाकरी खाण्यात पाप ते काय? लेखकाने याचे दिलेले उत्तर मला या पुस्तकातले सर्वांत मोलाचे वाटले. मत्तयाचे शुभवर्तमान तसेच पुढे वाचत गेलो तर रानात नाकारलेली प्रत्येक गोष्ट येशूला पुढे मिळताना दिसते. भाकरी चौदाव्या अध्यायात येतात, पाच हजारांच्या पंगतीसाठी. देवदूत तर सैतान निघून जाताच सेवेला हजर होतात. आणि स्वर्गात व पृथ्वीवर सर्व अधिकार मिळाल्याचे येशू शेवटच्या अध्यायात सांगतो, तेही एका डोंगरावरच. मधल्या काळात मात्र क्रूस आहे. म्हणजे सैतानाने देऊ केलेली वस्तू खोटी नव्हती. तिथे पोचायची वाट तेवढी खोटी होती : आत्ता, एकट्यासाठी आणि फुकट. रिक्षाचे दोनशे रुपये वाढवणाऱ्या माणसालाही पगार वाढून हवाच असतो, आणि तो वाढायलाही हवा असतो. बहुतेक मोह असेच एखाद्या रास्त गरजेचे बोट धरून आत येतात. म्हणूनच ‘हे वाईट आहे’ असे मनाला बजावून ते हटत नाहीत; मन म्हणते, यात वाईट काय?

दुसरी गोष्ट येशूच्या उत्तरांची. तीनही उत्तरे अनुवाद या पुस्तकातून, त्याच्या सहाव्या आणि आठव्या अध्यायांतून आलेली आहेत. इस्राएल लोक चाळीस वर्षे रानात भटकले, त्या आठवणींचा हा भाग. भुकेने व्याकुळ झालेला माणूस त्या घटकेला नवे काही रचत बसलेला नाही. लहानपणापासून कानी पडलेले, तोंडी बसलेले तो पुढे करतो. मात्र पाठांतर म्हणजे ताईत, असे कुणी समजू नये, कारण मंदिराच्या शिखरावर सैतानही स्तोत्रसंहितेतल्या ९१व्या स्तोत्राचाच आधार घेतो. वचन कुणाच्या तोंडी आहे आणि कशासाठी, यावर सारे अवलंबून असते. आपल्याकडे मोठमोठ्या मैदानांवर ‘चमत्कार झालाच पाहिजे’ म्हणून देवाला हुकूम सोडणाऱ्या सभा भरतात, तिथे हा दुसरा मोह सगळ्या श्रोत्यांसमोर वाचून दाखवायला हवा, असे मला नेहमी वाटते.

रानातून आता आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्याकडे वळू. संत ऑगस्टीनचा जन्म ३५४चा, आजच्या अल्जीरियातल्या थागास्ते गावचा. वयाच्या सोळाव्या वर्षी मित्रांबरोबर नासपती चोरून डुकरांपुढे फेकल्याची त्याची कबुली सगळ्यांना ठाऊक असते. त्याच ‘कबुलीजबाब’ ग्रंथातल्या दोन गोष्टी त्यामानाने कमी सांगितल्या जातात, आणि आपल्या कामाच्या त्याच आहेत.

पहिली त्याचा मित्र अलिपियस याची. अलिपियस कायदा शिकायला रोमला गेला. तिथल्या रंगमंडळात माणसे माणसांना ठार मारत आणि लोक ते पाहायला गर्दी करत. अलिपियसला या खेळाची शिसारी होती. एके दिवशी जेवण करून परतणारे काही मित्र भेटले आणि त्याला थट्टेथट्टेत ओढत घेऊन गेले. शरीर न्याल, पण माझे डोळे आणि मन कसे न्याल, अशी त्याची ऐट. जागेवर जाऊन बसला आणि त्याने डोळे गच्च मिटले. इथवर तो जिंकलेलाच होता. मग आखाड्यात कुणीतरी कोसळला, हजारो कंठांतून आरोळी उठली, आणि काय झाले ते पाहायला त्याने डोळे उघडले, पाहून मग तुच्छतेने मिटून घेऊ अशा विचाराने. ते पुन्हा मिटले नाहीत. तो इतरांसारखा ओरडू लागला. पुढे तो स्वतःहून जाऊ लागला, एवढेच नव्हे तर दुसऱ्यांनाही ओढून नेऊ लागला. ऑगस्टीनचे निदान स्पष्ट आहे : त्याने भरवसा देवावर टाकायचा तो स्वतःवर टाकला. त्याच्या जोडीला मी आणखी एक साधे निदान ठेवतो. त्याने डोळे मिटले, कान मिटले नाहीत. आज आपण निश्चयाने मोबाइल पालथा घालून ठेवतो आणि त्याचा आवाज मात्र चालू ठेवतो. बसायची जागा एकदा चुकली की निश्चय कितीही पक्का असो, त्याचा फारसा उपयोग उरत नाही. अलिपियसची लढाई रंगमंडळाच्या दारातच, मित्रांचे हात झिडकारून, लढायची होती. पुढे या मोहातून तो सुटला आणि थागास्तेचाच बिशप झाला, हेही सांगून टाकतो, नाहीतर वाचकाला उगाच चुटपूट लागायची.

दुसरी गोष्ट ऑगस्टीनच्या आईची, मोनिकाची. ती लहान असताना घरातल्या पिंपातून द्राक्षारस काढून आणायचे काम तिच्याकडे होते. भांड्यात ओतण्याआधी ती ओठाला लागेल इतकाच घोट घेई, तोही चवीच्या ओढीपेक्षा पोरवयाच्या खोडसाळपणाने. रोज थोडा थोडा घोट वाढला आणि मग पेले रिकामे होऊ लागले. घरातली म्हातारी दाई फार कडक होती, मुलींना जेवणाखेरीज पाणीसुद्धा पिऊ देत नसे. तिच्या शिस्तीचा इथे काही उपयोग झाला नाही. उपयोग झाला तो बरोबर जाणाऱ्या मोलकरणीच्या जिभेचा. एकदा भांडणात ती मोनिकाला दारुडी म्हणाली, तो शब्द वर्मी लागला आणि सवय तिथेच सुटली. मोलकरणीला धाकट्या मालकिणीला सुधारायचे नव्हते, टोचायचे होते, हे ऑगस्टीन आवर्जून सांगतो. कृपा कुठल्या तोंडाने बोलेल याचा नेम नाही. आपल्याबद्दलचे खरे बोल आपल्याला बहुधा न आवडणाऱ्या माणसाकडूनच ऐकू येतात; त्या माणसाचा राग करण्यात ते वाया घालवणे, हाही एक मोहच.

या अनुभवांवरच ऑगस्टीनचा पुढचा मोठा वाद उभा आहे. माणसाने मनावर घेतले तर तो स्वबळावर पापापासून दूर राहू शकतो, अशी पेलाजियस नावाच्या उपदेशकाची शिकवण होती. वाचायला ती किती उमेद देणारी! कार्थेजच्या ४१८च्या धर्मसभेने ती नाकारली. वरवर हा शुष्क पंडिती वाद वाटतो. पण ज्याने बिडी सोडायचा निश्चय पाचव्यांदा मोडला आहे, त्याच्या बाजूने या वादात पेलाजियस उभा नाही, ऑगस्टीन उभा आहे.

मोहाचे शास्त्र म्हणावे असे काही कुणी रचले असेल तर ते इजिप्तच्या वाळवंटातल्या संन्याशांनी. इव्हाग्रियस हा त्यांच्यातला लिहिणारा. तो कॉन्स्टँटिनोपलमध्ये नावाजलेला वक्ता होता. एका बड्या अधिकाऱ्याच्या पत्नीत त्याचे मन गुंतले. त्याने शहर सोडले, तो जेरुसलेमला गेला आणि तिथून इजिप्तला. ३९९मध्ये तो वारला, तोवर केलिया नावाच्या संन्यासीवस्तीत त्याने बरीच वर्षे काढली. माणसाच्या मनात येणारे आठ ‘विचार’ त्याने सांगितले : खादाडपणा, कामवासना, धनलोभ, खिन्नता, राग, उबग, मोठेपणाची हौस आणि गर्व. पुढे सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप ग्रेगरी यांनी या यादीत फेरफार केले आणि तिची सात महापापे झाली. मराठी वाचकाला इथे षड्रिपू आठवणारच. काम, क्रोध, लोभ, मद दोन्हीकडे आहेत. पण इव्हाग्रियसच्या यादीतली खिन्नता आणि उबग आपल्या षड्रिपूंत नाहीत, आणि मला वाटते आजच्या माणसाला सगळ्यांत जास्त छळणारे हेच दोन आहेत.

उबगाचे त्याने केलेले वर्णन तर सोळाशे वर्षांपूर्वीचे आहे यावर विश्वास बसत नाही. हा हल्ला सकाळी दहाच्या सुमारास सुरू होतो आणि दुपारी दोनपर्यंत टिकतो. सूर्य हलत नाही असे वाटते, दिवस पन्नास तासांचा होतो. माणूस पुन्हा पुन्हा दाराकडे पाहतो, कुणी येतेय का म्हणून. मग ही जागा नकोशी होते, हे काम नकोसे होते, इथल्या लोकांना माझी काही किंमत नाही असे वाटू लागते, आणि दुसरीकडे कुठेतरी सगळे सोपे असेल अशी खात्री पटते. घरच्यांची आठवण येते, पुढचे लांबलचक आयुष्य दिसू लागते. कुठल्याही कार्यालयात दुपारच्या जेवणाआधीच्या तासात फेरी मारा. उघड्या पडद्यांवर नोकऱ्यांच्या जाहिराती आणि विमानाची तिकिटे दिसतील. इव्हाग्रियसचा उपाय कंटाळवाणा आहे : जागा सोडू नकोस. एवढी घटका बसून काढलीस तर मागून शांती येते, असे तो म्हणतो.

विचार मनात यावा की न यावा हे आपल्या हाती नाही, तो मुक्कामाला राहील की नाही हे आपल्या हाती आहे, ही त्याची मुख्य शिकवण. त्याच वाळवंटातल्या अब्बा पोएमेनची एक गोष्ट आहे. मनात फार विचार येतात अशी तक्रार घेऊन आलेल्या शिष्याला त्याने बाहेर उभे केले आणि छाती फुगवून वारा पकडायला सांगितले. ते जमेना. मग विचारांचे येणेही तुला थांबवता येणार नाही, त्यांना नकार देणे तेवढे तुझे काम, असे त्याने समजावले. या भेदाने किती माणसांचे ओझे उतरेल! घाणेरडा विचार मनात आला म्हणून आपण घाणेरडे झालो, अशा समजुतीने पिचलेले भाविक आपल्या मंडळ्यांत थोडे नाहीत. आणि इव्हाग्रियस केवळ तत्त्व सांगून थांबला नाही. त्याने आठही विचारांसाठी बायबलमधली उत्तरे निवडून एक वहीच तयार केली. अमुक विचार आला तर त्याला हे सुनवायचे. मनाशी असे सरळ बोलणे मराठी माणसाला परके नाही, ‘मनाचे श्लोक’ ज्या घरात म्हटले जातात तिथे तर मुळीच नाही.

इग्नेशियस लोयोलापर्यंत येताना हजार वर्षे ओलांडावी लागतात, पण त्याच्यावाचून ही हकीकत पुरी होत नाही. हा मूळचा शिपाईगडी. १५२१मध्ये पाम्प्लोनाच्या किल्ल्यात तोफगोळ्याने त्याचा पाय मोडला आणि अंथरुणावर पडल्यापडल्या तो स्वतःच्या मनाचा अभ्यास करू लागला. त्याची ‘आध्यात्मिक साधना’ १५४८मध्ये पोपच्या संमतीने छापली गेली. तिच्यात एक तक्ता आहे. आपला एकच दोष निवडायचा, दिवसातून दोनदा मागे वळून पाहायचे, आणि जितक्यांदा घसरलो तितके ठिपके त्या दिवसाच्या ओळीवर द्यायचे. कालची ओळ आजच्या ओळीशी आणि हा आठवडा मागच्या आठवड्याशी ताडून पाहायचा. जेवणाबद्दलचा त्याचा नियम मला त्याहून आवडतो : पुढच्या वेळी किती जेवायचे ते आत्ताचे जेवण झाल्यावर, म्हणजे भूक नसताना ठरवायचे. या एका ओळीच्या नियमात सगळे आले. निर्णय शहाण्या घटकेने घ्यायचा आणि दुबळ्या घटकेने तो फक्त पाळायचा. पगाराच्या दिवशीच दानाची रक्कम बाजूला काढणारी बाई हेच करते.

त्याचाच आणखी एक नियम गुप्ततेविषयी आहे. चोरून प्रेम करणारा लबाड माणूस मुलीला ‘घरी सांगू नकोस’ म्हणतो, मोहाचेही तेच असते. तो उघड झाला की त्याचा डाव फसतो. पापनिवेदनाचे, गोव्यात ज्याला कुमसार म्हणतात त्याचे, निम्मे बळ यात आहे. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत जाळीआडचा धर्मगुरू नाही, पण याकोबाच्या पत्रातला, एकमेकांजवळ आपली पापे कबूल करण्याचा उपदेश त्यांनाही आहे. अमेरिकेत अक्रन शहरी १९३५मध्ये दोन मद्यासक्त एकमेकांशी बोलत बसले आणि अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसची सुरुवात झाली. त्या दोघांनाही हा धडा ऑक्सफर्ड ग्रुप या ख्रिस्ती चळवळीत मिळालेला होता. तिथली पहिली पायरीच आपण दारूपुढे हतबल आहोत हे मान्य करण्याची. आज तिथे कुठल्याही धर्माचा माणूस जातो आणि मुंबईत या सभा कितीतरी ठिकाणी चर्चच्या किंवा शाळेच्या खोलीत भरतात.

आपल्या भाषेतला यासंबंधीचा सर्वांत प्रामाणिक दस्तऐवज माझ्या मते लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ हा आहे. त्यांचे पती नारायण वामन टिळक यांनी १८९५मध्ये बाप्तिस्मा घेतला. पण त्यांचा तापट स्वभाव पाण्यात बुडून गेला, असे लक्ष्मीबाई कुठेही भासवत नाहीत. संताप येतो, उतरतो, मागून पश्चात्ताप येतो, पुन्हा संताप येतो, आणि हे सगळे त्या हसत सांगतात. साक्षीच्या सभांतल्या ‘त्या दिवसापासून मी बदललो’ छापाच्या कहाण्यांपेक्षा हे वर्णन मला श्रद्धेच्या जास्त जवळचे वाटते.

मोहाच्या भाषेचा गैरवापरही झाला आहे, आणि प्रस्तावनेत ते लपवणे बरे नव्हे. पुरुषाच्या घसरण्याचे खापर हव्वेच्या माथी फोडायची सवय शतकानुशतकांची आहे. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला ‘घर सोडायचा मोह आवर’ असे सांगणारे धर्मोपदेशक अजून भेटतात. तो मोह नव्हे, ती शुद्ध आहे. नैराश्याच्या आजाराला कुणी उबग समजून प्रार्थना वाढवायला सांगत असेल तर त्याने आधी डॉक्टरांचा पत्ता द्यावा. आणि पापभीरूपणाचाही अतिरेक होतो. मान्रेसा गावी खुद्द इग्नेशियस तीच तीच पापे पुन्हा पुन्हा कबूल करत राहिला, शेवटी जीव देण्याचे विचार येईपर्यंत. जुनी पापे आता पुन्हा सांगायची नाहीत असे ठरवले तेव्हाच तो त्यातून बाहेर पडला. लेखकाने या भागाला आणखी जागा द्यायला हवी होती, अशी माझी तक्रार आहे.

एका प्रकरणाचा विशेष उल्लेख करतो, कारण तो वसईचा विषय आहे. मोह एकट्यादुकट्याला होतो तसा गावालाही होतो. वाडीतल्या केळी, पानवेली आणि विहिरींच्या जमिनीला गुंठ्यामागे मिळणारा भाव हा तिथल्या प्रत्येक घरापुढे उभा राहिलेला डोंगरमाथ्यावरचा मोहच आहे. १९८०च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसईची चळवळ उभी राहिली, तेव्हा माती आणि पाणी हा प्रवचनाचा विषय झाला. जमीन विकणारा प्रत्येक जण लोभी, असे मात्र मी म्हणणार नाही. मुलीच्या शिक्षणासाठी विकणाराही मी पाहिला आहे. रास्त गरजेचे बोट धरून मोह येतो, हे वर म्हटलेच आहे. अशा वेळी गावाने एकत्र बसून आधी काही ठरवलेले असले तर एकट्या घराला नाही म्हणणे सोपे जाते.

राहिला प्रश्न घसरल्यानंतरचा. आपला उपवासकाळच पाहा. राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत मोजले तर दिवस सेहेचाळीस भरतात. मधले सहा रविवार उपवासाच्या हिशेबात धरत नाहीत म्हणून ते चाळीस होतात. दर आठवड्याला एक दिवस सुटीचा, हा शहाणपणा कडक नियम करणाऱ्यांच्याच हातून झालेला आहे. आणि पेत्र? त्याने महायाजकाच्या अंगणात शेकोटीजवळ उभे राहून तीनदा येशूची ओळख नाकारली. योहानाच्या शुभवर्तमानात पुन्हा एक कोळशांची शेकोटी येते, तळ्याकाठी. तिथे त्याला तीनदा एकच प्रश्न विचारला जातो आणि मग कामाला लावले जाते. आधी क्षमा कर म्हणून त्याच्याकडून काही वदवून घेतलेले नाही. घसरलेल्या माणसाला मंडळीत कुठले काम द्यावे, याबद्दल आपण यातून फारसे काही घेतलेले दिसत नाही.

पुस्तक पहिल्या पानापासूनच वाचले पाहिजे असे नाही. ज्याला घाई आहे त्याने इग्नेशियसच्या तक्त्याचे प्रकरण आधी काढावे, एक दोष निवडावा आणि पुढची प्रकरणे आठवडाभराने वाचावीत. दोष निवडताना शक्यतो घरातल्या कुणाला तरी विचारावे.